पंचसरोवरांच्या तीरावरील लेखिका

उत्तर अमेरिकेच्या नकाशावर, अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा ह्यांच्या सरहद्दीपाशी, पाच विशाल सरोवरे एकमेकांस जोडलेली दिसतात. सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ओंटारिओ ही त्यांची नावे. पृथ्वीच्या पाठीवर द्रवरूपात साठलेल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा ह्या पाच सरोवरांत आहे. त्यांपैकी एकट्या सुपीरियरचे क्षेत्रफळ ८२,००० चौरस किलोमीटरांच्या आसपास भरते. म्हणजे आपले सबंध कोकण त्यात दोनदा बुडेल आणि तरीही पाणी उरेल. त्याची खोली काही ठिकाणी ४०० मीटरांहून अधिक आहे. काठावर उभे राहिले तर पैलतीर दिसत नाही. वादळात मोठमोठ्या आगबोटी बुडाव्यात अशा लाटा तेथे उठतात. सारे रूप समुद्राचे. परंतु पाणी मात्र गोडे. काठच्या ओजिब्वे लोकांनी सुपीरियरला ‘गिचीगामी’ म्हणजे महासागर असे नाव दिले होते. त्या नावात अतिशयोक्ती फारशी नाही.

ह्या सरोवरांविषयीचे लेखन सतराव्या शतकापासून होत आले. आधी फ्रेंच धर्मोपदेशकांचे वार्षिक वृत्तांत आले, मग कातडी विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या चोपड्या, भूमापकांचे नकाशे, सेनाधिकाऱ्यांचे अहवाल आणि शेवटी सरकारने मूळ रहिवाशांशी केलेले तह. हे सारे लेखन पुरुषांचे होते. जमीन किती, लाकूड किती, मासळी किती, तांबे कोठे सापडते आणि जहाज कोठून जाते ह्या प्रश्नांची उत्तरे त्यात चोख मिळतात. इतिहासकाराला त्यांवाचून पाऊल टाकता येणार नाही, हे खरेच. परंतु त्या तीरावर राहावयाचे म्हणजे काय, हिवाळ्याचे पाच-सहा महिने बर्फाच्या वेढ्यात घर कसे चालवावयाचे, परक्या मुलखात आलेल्या बाईने कोणाशी बोलावयाचे, आणि स्वतःच्याच मुलखात परकी ठरलेल्या बाईने कोणत्या भाषेत रडावयाचे, ह्याचा जमाखर्च त्या कागदांत कोणी मांडलेला नाही. तो मांडला स्त्रियांनी. आणि त्यातही एक विलक्षण गोष्ट अशी की, ज्या स्त्रीने तो सर्वांत आधी मांडला, तिचे लेखन सर्वांत शेवटी वाचले गेले.

सुपीरियर सरोवराचे पाणी ज्या नदीने ह्यूरनकडे उतरते, त्या सेंट मेरी नदीला एके ठिकाणी सुमारे सहा मीटरांचा खडकाळ उतार आहे. ओजिब्वे लोक त्या जागेला ‘बावाटिंग’, म्हणजे खळाळत्या पाण्याची जागा, म्हणत. फ्रेंचांनी तिला सू सेंट मेरी हे नाव दिले. ह्या फेसाळ प्रवाहात भूर्जवृक्षाच्या सालीची होडी स्थिर धरून लांब दांड्याच्या जाळ्याने व्हाइटफिश नावाचा मासा टिपावयाचा, हे तेथील लोकांचे पिढीजात कौशल्य. आजूबाजूच्या अनेक टोळ्या मासेमारीच्या हंगामात येथे जमत. येथेच १८०० सालच्या जानेवारीत जेन जॉन्स्टन ह्या मुलीचा जन्म झाला. तिचे ओजिब्वे नाव बामेवावागेझिकाक्वे. आकाशातून वेगाने जाणाऱ्या ताऱ्यांचा नाद जिच्या ठायी आहे ती स्त्री, असा त्याचा अर्थ सांगतात.

जेनचे वडील जॉन जॉन्स्टन हे आयर्लंडहून आलेले कातड्यांचे व्यापारी. आई ओझागुस्कोडेवेक्वे ही वाबोजीग ह्या नामांकित ओजिब्वे सरदाराची कन्या. वाबोजीग लढवय्या होता, तसाच गाणी रचणारा आणि कथा सांगणारा म्हणूनही त्याची ख्याती होती. आईला इंग्रजी समजत असे. पण ती बोले ती आपलीच भाषा. मेपल वृक्षाचा रस आटवून साखर करणे, मासळी धरणे, माणसे राबविणे ह्यांत ती निष्णात होती. १८२८ मध्ये पती वारल्यावर तिने संसार आणि व्यवसाय दोन्ही सांभाळले. अशा घरात जेनला दोन वारसे मिळाले. वडिलांच्या कपाटातून इंग्रजी काव्य मिळाले आणि आईच्या तोंडून सरोवराच्या कथा मिळाल्या. ती दोन्ही भाषांत लिहू लागली. मूळ रहिवाशांच्या स्त्रियांपैकी इंग्रजीत वाङ्मयीन रचना करणारी ही पहिली ज्ञात लेखिका. आणि आपल्या मातृभाषेत कविता लिहून ठेवणारी तर ती त्याहूनही विरळा.

१८२२ मध्ये सू सेंट मेरी येथे सरकारी एजंट म्हणून हेन्री स्कूलक्राफ्ट हा अधिकारी आला आणि पुढच्याच वर्षी जेनचा त्याच्याशी विवाह झाला. हेन्री उद्योगी आणि जिज्ञासू गृहस्थ होता. मूळ रहिवाशांची भाषा, चालीरीती, कथा ह्यांचा संग्रह करावा असा त्याला ध्यास होता, आणि त्या संग्रहाचा झरा त्याच्या सासुरवाडीतच होता. १८२६-२७ च्या हिवाळ्यात, नौकानयन बंद पडून गाव जगापासून तुटले असता, त्याने एक हस्तलिखित नियतकालिक चालविले. त्याच्या नावात पुस्तक ह्या अर्थाचा ओजिब्वे शब्द होता. त्यात जेनच्या कविता आणि कथा आल्या. पण त्या ‘रोझा’ आणि ‘लीलिनाउ’ ह्या टोपणनावांनी. त्याच हिवाळ्याच्या अखेरीस, १८२७ च्या मार्चमध्ये, तिचा अडीच-पावणेतीन वर्षांचा मुलगा घशाच्या विकाराने दगावला. त्या दुःखाच्या कविताही ह्याच कागदांत आहेत. हाताने उतरविलेली काही पाने, वाचणारे मोजके परिचित, हीच तिच्या हयातीतील तिची वाङ्मयीन कीर्ती होय.

येथे दोन कागद शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १८३६ मध्ये वॉशिंग्टन येथे एक तह झाला. ओटावा आणि ओजिब्वे लोकांनी मिशिगनमधील १ कोटी ३० लाख एकरांहून अधिक जमीन सरकारला दिली, आणि सरकारच्या वतीने तो तह घडवून आणणारा अधिकारी हेन्री स्कूलक्राफ्ट हाच होता. त्यानंतर तीन वर्षांनी, १८३९ मध्ये, त्याचा लोककथांचा दोन खंडांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील कित्येक कथा जेन, तिची आई आणि तिची भावंडे ह्यांच्याकडून आल्या होत्या. ग्रंथकर्ता म्हणून नाव मात्र हेन्रीचे होते. जमीन आणि कथा, दोन्ही एकाच हाताने नोंदविल्या गेल्या. ह्यात हेन्रीचा हेतू दुष्ट होता असे म्हणण्याचे कारण नाही; त्याने टिपून ठेवल्या नसत्या तर बऱ्याच कथा नष्टही झाल्या असत्या. परंतु नोंद करणारा तो मालक आणि सांगणारा तो साधन, हा त्या काळच्या कारभाराचा नियम घरातही चालला, एवढे मात्र दिसते.

त्याच वर्षी जेनच्या दोन्ही मुलांना शिक्षणासाठी दूर पूर्वेकडील निवासी शाळांत ठेवण्यात आले. त्यांना सोडून परतताना जेनने एक लहान कविता लिहिली आणि ती लिहिली ओजिब्वे भाषेत. हेन्रीने तिचे इंग्रजी रूपांतर केले. ते त्या काळच्या रुचीप्रमाणे अलंकृत आणि लांबट आहे. अलीकडे ओजिब्वे जाणणाऱ्या अभ्यासकांनी मूळ शब्दांवरून नवे भाषांतर केले, तेव्हा आढळले की मूळ रचना अगदी साधी, तुटक वाक्यांची आहे. आपली भूमी, मागे राहिलेली लेकरे, आणि परतीची वाट, एवढेच तिच्यात आहे. जिने आयुष्यभर इंग्रजीत सफाईने लिहिले, तिला ह्या प्रसंगी आईचीच भाषा आठवावी, ह्यातच सारे आले. १८४२ मध्ये, पती इंग्लंडमध्ये असताना, कॅनडातील बहिणीच्या घरी तिचा अंत झाला.

जेन लिहीत होती त्याच सुमारास सरोवरांच्या उत्तर तीरावर एक निराळे लेखन आकार घेत होते. इंग्लंडमध्ये सुशिक्षित घराण्यात वाढलेल्या दोन बहिणी, कॅथरिन पार ट्रेल आणि सुझॅना मूडी, १८३२ मध्ये आपापल्या पतींबरोबर कॅनडात आल्या. दोघींचेही पती लष्करातून बाहेर पडलेले. जमीन स्वस्त मिळते एवढ्या आशेवर हे लोक निघाले होते. ओंटारिओ सरोवराच्या उत्तरेस लहान सरोवरांची जी माळ आहे, तिच्या काठच्या अरण्यात त्यांनी संसार मांडले. ह्या सरोवरांचे पाणी शेवटी ओंटारिओलाच मिळते.

दोघी बहिणींनी एकच अरण्य पाहिले. पण दोन वेगळ्या दृष्टींनी. ट्रेलबाईंचे कॅनडातील रानवस्तीवरचे पुस्तक १८३६ मध्ये लंडनला निघाले. त्यांचा स्वभाव हाती असेल त्यातून मार्ग काढण्याचा. कोणती वनस्पती औषधी, कोणत्या मुळाची कॉफी होते, मेपलची साखर कशी करावी, हे त्यांनी बारकाईने नोंदविले, आणि १८५४ मध्ये येणाऱ्या स्त्रियांसाठी मार्गदर्शिकाच लिहिली. पुढे राईस लेक ह्या सरोवराकाठी त्या काही वर्षे राहिल्या. तेथील उथळ पाण्यात एक जंगली धान्य उगवते. ओजिब्वे लोक त्याला ‘मनूमिन’ म्हणतात. होडीतून जात बायका एका काठीने देठ वाकवितात, दुसरीने झोडपतात आणि दाणे होडीतच पाडतात. मग ते भाजून, तुडवून, पाखडून कोंडा काढतात. आपल्याकडील खळ्यावरच्या बाईला ह्यातले एकही काम परके वाटणार नाही. ट्रेलबाईंनी हे ज्ञान शेजारच्या मूळ रहिवासी स्त्रियांकडून घेतले आणि तसे लिहिलेही. त्या सत्त्याण्णव वर्षे जगल्या. त्यांचे वनस्पतिविषयक ग्रंथ आजही आदराने पाहिले जातात.

मूडीबाईंचा सूर वेगळा होता. त्यांचे १८५२ चे पुस्तक म्हणजे फसलेल्या आशेची कैफियत आहे. थंडीताप, आगी, कर्ज, उपास, उसने मागून न फेडणारे शेजारी हे सारे त्यांनी विनोदाची आणि संतापाची सरमिसळ करून सांगितले. १८३७ च्या बंडाच्या वेळी पती पथकात गेले असता मुलांसह त्या अरण्यात एकट्या राहिल्या. त्या काळात त्यांनी पतीला न सांगता प्रांताच्या गव्हर्नरला अर्ज लिहिला आणि पतीस नोकरी देण्याची विनंती केली. अर्जाचा उपयोग झाला. पतीला सरकारी काम मिळाले आणि १८४० च्या आरंभी हे कुटुंब अरण्य सोडून बेलव्हिल गावी आले. सरकारी दप्तरात तो एक अर्ज. पण मूडीबाईंचे पुस्तक वाचल्यावर त्या अर्जामागे किती हिवाळे होते ते कळते. जमिनीच्या जाहिराती वाचून निघालेल्या पुढच्या कुटुंबांना सावध करावे, हा त्यांचा उघड हेतू होता.

ह्या दोघी राहावयास आल्या होत्या. पाहावयास आलेल्या दोघींनीही ह्या वाङ्मयात मोलाची भर घातली. ॲना जेमसन ही आयर्लंडमध्ये जन्मलेली लेखिका शेक्सपिअरच्या नायिकांवरील १८३२ च्या ग्रंथामुळे प्रसिद्ध होती. तिचा पती उत्तर कॅनडात, म्हणजे आजच्या ओंटारिओ प्रांतात, ॲटर्नी जनरल होता; पण संसार नावापुरताच उरला होता. १८३६ च्या डिसेंबरात ती टोरँटोला आली, एक उदास हिवाळा तिने काढला, आणि उन्हाळा येताच १८३७ मध्ये ती एकटीच सरोवरांच्या सफरीस निघाली. मिशिगन आणि ह्यूरन जेथे मिळतात तेथील मॅकिनॉ बेटावर ती स्कूलक्राफ्टांच्या घरी उतरली. तेथे तिची आणि जेनची मैत्री झाली. जेन आणि तिची मुले ह्यांच्याबरोबर उघड्या होडीतून ती सू सेंट मेरीला गेली. जेनच्या वृद्ध आईला भेटली. भूर्जसालीच्या होडीतून त्या फेसाळ उतारावरून खाली आली. त्या कुटुंबाने तिला आपली मानून ओजिब्वे नाव दिले. तेजस्वी फेसाची स्त्री, अशा अर्थाचे ते नाव आहे.

जेमसनबाईंचे तीन खंडांचे प्रवासवर्णन १८३८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात जेनकडून मिळालेल्या काही कथा आहेत. पण त्याहून महत्त्वाचे आहे ते त्यातील स्त्रीविषयक विवेचन. मूळ रहिवाशांची स्त्री म्हणजे राबणारी गुलाम, असे युरोपीय प्रवासी सर्रास लिहीत. जेमसनबाईंनी प्रश्न उलटा केला. ह्या स्त्रीचे श्रम कष्टाचे असले तरी आवश्यक आहेत, पुरुषाच्या शिकारीइतकेच ते टोळीच्या जगण्याला लागतात, आणि म्हणून तिला स्थान आहे. उलट, सुधारलेल्या देशात एक स्त्री निरुद्योगी शोभेची वस्तू होते आणि दुसरी पोटासाठी झिजते, मग श्रेष्ठ अवस्था कोणती? त्यांच्या ह्या विवेचनात काही ठिकाणी घाई आहे, परकेपणही आहे. पण सू सेंट मेरीच्या एका कर्तबगार विधवेला घरात आणि गावात वावरताना प्रत्यक्ष पाहिल्यावाचून हा प्रश्न सुचला नसता.

सहा वर्षांनी मार्गारेट फुलर ही अमेरिकन विदुषी त्याच मार्गाने गेली. १८४३ च्या उन्हाळ्यातील तिच्या प्रवासाचे पुस्तक पुढच्या वर्षी निघाले. ते लिहिताना संदर्भ पाहण्यासाठी हार्वर्ड महाविद्यालयाचे ग्रंथालय तिला खुले झाले. तेथे बसून अभ्यास करण्याची परवानगी मिळालेली ती पहिली स्त्री मानली जाते. फुलरने इलिनॉय आणि विस्कॉन्सिनमधील नव्या वस्त्या पाहिल्या. निसर्गाने ती मोहून गेली. पण तिचे लक्ष गेले ते वसाहतवाल्यांच्या बायकांकडे. येथे येण्याचा निर्णय पुरुषांचा. बायका आल्या त्या कर्तव्य म्हणून किंवा प्रेमापोटी. पुरुषाला शिकार आहे, मोकळे रान आहे. बाईला मात्र मदतनिसावाचून घर आहे, आणि शहरी शिक्षणाने तिला जे शिकविले त्यातले काहीही येथे उपयोगाचे नाही. म्हणून मुलींना ह्या भूमीला साजेसे शिक्षण द्या, असा तिचा आग्रह होता.

मॅकिनॉ बेटावर फुलरला ओजिब्वे आणि ओटावा लोकांचे मोठे तळ दिसले. ते लोक सरकारकडून मिळणारी वार्षिक रक्कम घेण्यासाठी जमले होते. ती रक्कम होती विकलेल्या जमिनीची. १८३६ च्या तहाचे फळ असे डोळ्यांपुढे बसले होते. फुलर त्या बायकांत जाऊन बसली, खुणांनी बोलली, त्यांची कामे तिने पाहिली. हेन्रीच्या कथासंग्रहाविषयी तिने तक्रार केली ती मार्मिक आहे. आधुनिक रुचीच्या पातळ सजावटीमुळे मूळ कथेचा कस उतरला, असे तिचे म्हणणे पडले. ज्या स्त्रीपाशी त्या कथांचा मूळ सूर होता, ती आदल्याच वर्षी निवर्तली होती. जेन आणि मार्गारेट ह्यांची भेट केवळ एका वर्षाने हुकली. पुढे ज्या वर्षी पुस्तक बाहेर पडले त्याच्या पाठोपाठ, १८४५ मध्ये, फुलरचा स्त्रियांच्या स्थितीवरील प्रसिद्ध ग्रंथ आला. त्या ग्रंथाची काही बीजे सरोवरांच्या काठी पडली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाशी शिकागो हे शहर आहे. ते एक किल्ला आणि काही झोपड्या एवढेच होते तेव्हाची हकीकत ज्युलिएट किन्झी हिने १८५६ मध्ये ग्रंथरूपाने दिली. तिचाही पती सरकारी एजंट होता, आणि १८३० मध्ये नववधू म्हणून ती त्या मुलखात गेली होती. १८१२ च्या युद्धात शिकागोच्या किल्ल्याबाहेर झालेल्या संहाराची सासूच्या तोंडची हकीकत तिने लिहून ठेवली. सासूने सांगावे आणि सुनेने लिहावे, अशा रीतीने एका महानगराच्या आरंभकाळाची आठवण टिकली.

आता १८५५ हे साल लक्षात घेतले पाहिजे. त्या वर्षी सू सेंट मेरी येथे कालवा खुला झाला; पाण्याची पातळी वरखाली करणाऱ्या दारांमुळे जहाजे तो उतार टाळून थेट सुपीरियरमध्ये जाऊ लागली आणि तेथील लोखंड व तांबे पूर्वेच्या कारखान्यांना मिळू लागले. १८२० च्या तहाने त्या उतारावर मासेमारी करण्याचा कायमचा हक्क ओजिब्वे लोकांना राखून दिला होता; १८५५ च्याच ऑगस्टमध्ये दुसऱ्या तहाने तो काढून घेण्यात आला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लाँगफेलो ह्या कवीचे ‘हायावाथा’ हे काव्य प्रसिद्ध झाले. सुपीरियरच्या तीरावर घडणारे हे काव्य हेन्री स्कूलक्राफ्टच्या संग्रहावर आधारलेले होते, आणि ते जगभर गाजले. बावाटिंगची मासळी गेली, बावाटिंगच्या कथा घरोघर पोचल्या. परंतु त्या कथा प्रथम इंग्रजीत आणणाऱ्या बाईचे नाव वाचकांना ठाऊक नव्हते.

नंतरच्या पिढीत ह्या प्रदेशाला एक खरी कथालेखिका लाभली. कॉन्स्टन्स फेनिमोर वूल्सन ही १८४० मध्ये जन्मली. तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत तिच्या तीन बहिणी साथीच्या तापाने गेल्या, आणि दुःखी कुटुंब ईरी सरोवराकाठच्या क्लीव्हलंड शहरी राहावयास आले. मुलीचे उन्हाळे मॅकिनॉ बेटावर जात. १८६९ मध्ये वडील वारल्यावर ती लेखनाकडे वळली. १८७५ मध्ये तिच्या सरोवरप्रदेशातील कथांचा संग्रह निघाला. त्यातील नावाच्या कथेत, मिशिगन सरोवराच्या उत्तर भागात धुक्याआड राहणारा एक म्हातारा खोटा दिवा लावून जहाजे खडकावर आणतो आणि वाहून आलेल्या मालावर मानलेल्या मुलीचे लाड पुरवितो. मुलीला त्यातले काहीच ठाऊक नाही. ज्या पाण्यावर दीपगृहाचा प्रकाश म्हणजे प्राण, तेथे प्रेमापोटी खोटा प्रकाश दाखविणारा माणूस उभा करणे, ही कल्पना त्या तीरावर वाढलेल्या लेखिकेलाच सुचावी.

तिची आणखी एक कथा ह्यूरन आणि ईरी ह्यांच्यामधील सेंट क्लेअरच्या दलदलीत घडते. गवताच्या आणि पाण्याच्या त्या चक्रव्यूहात एक धर्मवेडा मनुष्य कुटी करून राहिला आहे. त्याची पत्नी, माहेरापासून शेकडो कोस दूर, मूल गमावलेली, तक्रार न करता त्याच्या मागोमाग आली आहे. फुलरने जे निरीक्षण म्हणून नोंदविले, ते येथे जिवंत पात्र होऊन बसते. काही वर्षांनी निवेदक परत येतो तो गवत कापून सरळ कालवा काढलेला. कुटी नाही, माणसे नाहीत. कालव्याने प्रवास सुलभ झाला ह्याबद्दल वूल्सनला वाद नाही. काय नाहीसे झाले एवढेच ती दाखविते. तिची मॅकिनॉवर सुरू होणारी ‘ॲन’ ही कादंबरी १८८२ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि तिचा मोठा खप झाला. पुढे ती युरोपात गेली, १८९४ मध्ये व्हेनिस येथे वारली, आणि कित्येक दशके तिचे नाव हेन्री जेम्स ह्या कादंबरीकाराच्या चरित्रातील एका परिच्छेदापुरते उरले. अलीकडे, २०२० मध्ये, अमेरिकेच्या अभिजात ग्रंथमालेत तिच्या कथांचा खंड निघाला, तेव्हा ही उपेक्षा काहीशी दूर झाली.

‘प्रादेशिक’ हे विशेषण वाङ्मयात बहुधा पायरी खाली उतरविण्यासाठी लावले जाते; ते स्त्रीच्या लेखनास लागले तर दोन पायऱ्या. परंतु ह्या लेखिकांचे एकत्र वाचन केले म्हणजे दिसते की प्रदेश ही त्यांची मर्यादा नव्हती. ती त्यांची कसोटी होती. लग्न, स्थलांतर, शिक्षण, श्रमाची प्रतिष्ठा हे प्रश्न त्यांनी एका विशिष्ट पाण्याच्या काठी, विशिष्ट हिवाळ्यात तपासले. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत सुमारे तीन वर्षे काढून १८८९ मध्ये त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनीही हेच केले होते; परक्या देशात स्त्रीची स्थिती पाहून स्वदेशातील स्त्रीच्या स्थितीचा विचार केला होता. सुधारणेचे माप स्त्रीच्या जिण्यावरून घ्यावे, हे मराठी वाचकाला म्हणूनच अपरिचित नाही.

विसाव्या शतकात विस्कॉन्सिनच्या लोरीन नीडेकर ह्या कवयित्रीने १९६६ मध्ये सुपीरियरला प्रदक्षिणा घातली आणि खडक, खनिजे व जुने प्रवासी ह्यांवर एक अत्यंत संक्षिप्त दीर्घकाव्य रचले. चरितार्थासाठी तिने काही वर्षे रुग्णालयात साफसफाईचे काम केले होते. १९९९ मध्ये लुईस अर्ड्रिक ह्या ओजिब्वे वंशाच्या लेखिकेने सुपीरियरमधील मॅडलीन बेटावर घडणारी मुलांची कादंबरी लिहिली. १८४७ चा काळ, सात वर्षांची ओजिब्वे मुलगी, ऋतुमानाप्रमाणे चालणारी कामे आणि मध्येच आलेली देवीची साथ, असा तिचा विषय आहे. ज्या घरांविषयी दोन शतके बाहेरून लिहिले गेले, त्या घरात आता आतून दिवा लागला.

आणि जेन? तिचे कागद पतीच्या दप्तरात सुरक्षित होते. एका अधिकाऱ्याच्या पत्रव्यवहारात, अहवालांत आणि टिपणांत मिसळून ते दीड शतकाहून अधिक काळ पडून राहिले. रॉबर्ट डेल पार्कर ह्या अभ्यासकाने ते वेचून काढले आणि २००७ मध्ये तिच्या कविता व कथांचा ग्रंथ सिद्ध केला. सुमारे पन्नास कविता, काही कथा, आणि मातृभाषेतील त्या मोजक्या ओळी त्यात प्रथमच तिच्या नावावर एकत्र आल्या. ग्रंथाला नाव दिले ते तिच्या ओजिब्वे नावाचाच अर्थ घेऊन. जुनी दप्तरे चाळणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. ज्याच्या नावाने बासन बांधलेले असते, त्याचाच आवाज आत असतो असे नाही. सेंट मेरी नदीवर आज धरणे आणि दारे आहेत. पूर्वीच्या खळाळाचा थोडाच भाग उरला आहे. परंतु त्या खळाळाच्या काठी दोन भाषांत विचार करणारी एक मुलगी वाढली होती, ही गोष्ट आता तहांच्या आणि अहवालांच्या शेजारी नोंदली गेली आहे, आणि ती पुन्हा पुसली जाण्याचे कारण नाही.